यंदाचा अग्रक्रम

किल्लीवाल्यांची मुलगी तीनदा मेली. एकदा डोक्यावर हेल्मेट नव्हतं म्हणून, एकदा स्कूटर भरधाव सोडली म्हणून आणि एकदा फोनवर बोलता बोलता. आता माणूस तीनदा मरतो का? नाही मरत. तीही एकदाच मेली, कामावर जाताना, धान्याच्या गोदामापुढच्या वळणावर, आणि या तिन्हींतल्या एकाही कारणाने नाही. पण राज्याच्या रस्ता सुरक्षा खात्याचा दरवर्षी एक अग्रक्रम ठरायचा, त्या अग्रक्रमाची मोठी परिषद भरायची आणि त्या परिषदेत किल्लीवाले बोलायचे. अग्रक्रम बदलला की मुलीचं मरणही बदलायचं.

माणूस वाईट होता म्हणता? छे हो! बसस्थानकाच्या भिंतीला टेकून एक टपरी, तीत किल्ल्या घासायचं यंत्र, वरून लोंबणारे कोऱ्या किल्ल्यांचे झुबके आणि मधोमध हा लुकडा माणूस. गिऱ्हाईक यायचं, किल्ली पुढे करायचं आणि बसच्या पाटीकडे बघत उभं राहायचं. यंत्राच्या किरकिरीत बोलणार तरी काय? मुलगी बापापेक्षा वीतभर उंच निघाली, म्हणून ते तिला शिडी म्हणायचे. "शिडी, वरचा डबा काढ गं," असं पाहुण्यांसमोर मुद्दाम म्हणायचे. तीही काही कमी नव्हती. "बाबा, तुमच्यासाठी खाली स्टूल ठेवलंय," असं फटकन ऐकवायची. दातांच्या दवाखान्यात ती मदतनीस होती आणि दवाखान्यातल्या गमती सांगायला लागली की घरात दुसऱ्या कुणाला तोंड उघडायची सोय नसे.

त्या वळणावर रस्त्याचं काम चाललं होतं. काम करणाऱ्यांनी खडीचा ढीग कडेला ओतला आणि गेले निघून. ना फलक, ना दिवा, ना एखादं लाल फडकं. ढीग पसरत पसरत रस्त्यावर आला. शिडीच्या स्कूटरचं चाक खडीवरून सरकलं आणि ती कडेच्या उघड्या नाल्याच्या काठावर छातीवर आपटली. हेल्मेट डोक्यावर जसंच्या तसं होतं. डोक्याला खरचटलंसुद्धा नव्हतं.

पुढे सुरक्षा खात्याचे एक साहेब घरी आले. सज्जन माणूस. बूट दाराबाहेर काढून आत आले, शिडीच्या फोटोपुढे उभे राहिले, मग म्हणाले, "काका, आम्ही आकडे सांगतो, लोक जांभया देतात. लोकांना माणूस कळतो. याल का परिषदेला?"

त्या वर्षी अग्रक्रम होता हेल्मेट. साहेबांनी हळूच सांगितलं, "हेल्मेट होतं, तेवढं गाळा. खोटं बोला असं नाही म्हणत मी. फक्त त्याचा उल्लेख नको." किल्लीवाल्यांनी गाळलं. भाषण झाल्यावर एका शिक्षिकेने त्यांचा हात धरून विचारलं, "हेल्मेट नव्हतं ना हो तिच्या डोक्यावर?" आणि किल्लीवाल्यांची मान हलली. बस, एवढंच. तोंडातून शब्दही गेला नाही. पण नंतर जिल्ह्याजिल्ह्यांतून बोलावणी आली, तेव्हा मान हलवून कसं भागेल? मग ते बोलायला लागले, "माझी पोर उघड्या डोक्याने गेली. केस वाऱ्यावर भुरभुरत होते."

हे भुरभुरणारे केस त्यांनी स्वतःच्या पदरचे घातले. तिथे हॉल हमखास रडायचा.

आणि खरं सांगायचं तर, त्यांना आवडायला लागलं. आवडलं म्हणजे मिरवायला नव्हे. घरी शिडीचं नाव निघालं की बायको उठून आत जायची. नातेवाईक विषय बदलायचे. टपरीवर तर बोलायची सोयच नाही. आणि इथे? अख्खा हॉल श्वास रोखून ऐकतोय, तिच्या उंचीचे विनोद सांगितले की हसतोय, ती दाराबाहेर पडली की गप्प होतोय. भाषण चालू असेपर्यंत शिडी जिवंत असायची. माणूस एवढ्यासाठी काय वाट्टेल ते करेल, आणि त्यांनी केलं.

फायदा झाला नाही असंही नाही. हेल्मेट घालणाऱ्यांचं प्रमाण वाढलं, मरणाऱ्यांचा आकडा खाली आला. एकदा तर एक मुलगी हाताला प्लास्टर घालून टपरीवर आली. म्हणाली, "काका, तुमचं ऐकून हेल्मेट घेतलं होतं. नाही तर परवा माझं काही खरं नव्हतं." किल्लीवाल्यांनी तिला बाकावर बसवलं, चहा मागवला आणि ती गेल्यावर बराच वेळ यंत्र चालू केलं नाही. आता सांगा, या पोरीपुढे कुणी खरंखोटं काढायचं?

बायकोने काढलं. "घातलं होतं तिने. तुम्हाला माहीत आहे," ती म्हणाली.

"अगं, पण चार पोरं वाचत असतील तर?"

तिने तो विषय पुन्हा काढला नाही. वेगाचं वर्ष आलं तेव्हाही नाही, जरी शिडीची स्कूटर चढावर सायकलवाल्यांच्याही मागे राहायची. परिषदेला मात्र ती दरवर्षी यायची आणि पहिल्याच रांगेत बसायची.

मग आलं फोनचं वर्ष. किल्लीवाले आता मुरलेले वक्ते होते. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, सगळं पाठ. शिडी गाडी चालवताना फोनवर बोलत होती, असं त्यांनी सांगितलं आणि हॉल हळहळला. शेवटी मागून कुणीतरी विचारलं, "कुणाशी बोलत होती हो?"

"तिच्या आईशी," किल्लीवाले म्हणाले.

काही ठरवून नाही हो. जीभ सरावलेली, समोरून प्रश्न आला, उत्तर निघून गेलं. हॉलमधल्या माना एकदम पहिल्या रांगेकडे वळल्या, कारण सूत्रसंचालकाने सुरुवातीलाच तिची ओळख करून दिली होती. बाईंनी पिशवी उचलली आणि त्या मधल्या वाटेने चालत बाहेर गेल्या. त्या दिवशी त्या घरी आल्याच नाहीत. थोरल्या बहिणीकडे गेल्या, शेजारच्या गावाला, आणि तिथेच राहिल्या.

भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. भांडणात माणूस निदान तोंडाला तोंड देतो. इथे तेही नाही. अधूनमधून फोन व्हायचा. नळ गळतोय, प्लंबरचा नंबर कुठे आहे? कपाटात, डाव्या खणात. बरं. ठेवते. किल्लीवाले संध्याकाळी घरी येऊन तीन खुर्च्यांच्या टेबलाशी बसायचे, ताटावर वाकून जेवायचे आणि रेडिओ लावायचे, ऐकायला नाही, घरात कुणीतरी बोलतंय असं वाटावं म्हणून. घर नुसतं खायला उठायचं. माफी मागायला कितीदा फोन उचलला, पण प्रत्येक वेळी प्लंबरच मधे यायचा.

परिषदेचं बोलणं मात्र त्यांनी सोडलं नाही. आता तर तेवढंच उरलं होतं.

यंदा साहेब निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी एक मॅडम आल्या. तरुण, बोलायला फटकळ, पायात खेळाडूंचे बूट. टपरीच्या फळीवर कोपर टेकून त्या म्हणाल्या, "काका, इतकी वर्षं आपण चालवणाऱ्यालाच दोष देत आलो. त्याचा उपयोग झाला, नाही म्हणत नाही. पण आकडा आता एका जागी अडकलाय. यंदा अग्रक्रम रस्ता. वळणं, उघडे नाले, कडेला टाकलेली खडी. माणूस चुकणारच, रस्त्याने त्याला मारता कामा नये." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "तुमच्या मुलीच्या डोक्यावर हेल्मेट होतं ना? पंचनाम्यात तसं आहे. यंदा जसं घडलं तसं सांगाल?"

किल्लीवाल्यांच्या हातातली किल्ली खाली पडली. जसं घडलं तसं! ना हेल्मेट गाळायचं, ना फोन कानाला लावायचा. भर सभेत सांगता येईल की तिच्या आईचा यात काडीचाही संबंध नव्हता. टपरी तशीच टाकून ते भिंतीआड गेले आणि त्यांनी बायकोला फोन लावला.

"नळ का?" ती म्हणाली.

"नळ नाही. यंदा परिषदेला ये. खरं सांगणार आहे मी."

पलीकडून बहिणीच्या घरातल्या भांड्यांचा आवाज आला.

"सगळं?" तिने विचारलं.

"सगळं. आणि मग... मग घरी ये."

"आधी ऐकते," ती म्हणाली. "मग बघू."

बघू! नाही म्हणाली नाही, बघू म्हणाली! माणूस हवेत चालायला लागला. त्यांनी घर झाडलं, चादरी धुतल्या, तिच्या कपाटाची बिजागरी कुरकुरायची तिला तेल घातलं. कानतुटके कप फेकून नवे आणले. शेजारच्याने विचारलं, "काय हो, पाहुणे?" तर म्हणाले, "छे, घरचंच माणूस," आणि उगाचच हसले.

मग ते भाषणाच्या तयारीला बसले. तयारी ती कसली, जे घडलं ते सांगायचं. डोळे मिटले, ती सकाळ आठवायला घेतली. दार उघडलं, शिडी बाहेर आली, स्कूटरवर बसली. केस वाऱ्यावर भुरभुरत होते.

अरे देवा. त्यांनी डोळे उघडले, पुन्हा मिटले. दार, शिडी, स्कूटर, उघडं डोकं. हेल्मेट होतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, जसं कधी न पाहिलेलं एखादं गाव ठाऊक असतं, ऐकून. पण दिसत नव्हतं. त्यांच्या धंद्यात हे नेहमीचं. मूळ किल्ली हरवली की लोक नकलेवरून नक्कल काढून नेतात, मग तिच्यावरून आणखी एक, आणि शेवटी जी हातात येते ती कुठल्याच कुलपाला लागत नाही. किल्लीवाले गिऱ्हाइकांना हे बजावून सांगायचे. आता स्वतःला कोण सांगणार?

तीन-चार दिवस ते हेल्मेट शोधत राहिले. टपरीवर, बसमध्ये, अंथरुणावर. शेवटी त्यांनी स्वतःची समजूत घातली, हेल्मेट होतं हे तर खरं ना? मग झालं. मला दिसतंय असं सांगेन. बारीकसारीक भर घालावीच लागते, नाही तर हॉल ऐकत नाही.

परिषदेच्या दिवशी सभागृह गच्च भरलं होतं. पोलीस, बसचालक, शिक्षक, इंजिनिअर. पडद्यावर राज्याचा नकाशा आला, कुठे अपघात घटले ते हिरव्या रंगात, कुठे नाही ते तांबड्यात. हिरवा भाग खरंच वाढला होता आणि लोकांनी मनापासून टाळ्या वाजवल्या. किल्लीवाल्यांचं लक्ष पहिल्या रांगेकडे होतं. बायको आली होती. निळी साडी, मांडीवर तीच पिशवी. जरा वाळली होती. दोघांची नजर भेटली तेव्हा तिने मान हलवली, एवढीशी.

ते बोलायला उभे राहिले, आणि बोलले तर काय बोलले! आधी शिडीच्या उंचीवरून हशा. मग ती सकाळ. "माझ्या लेकीच्या डोक्यावर हेल्मेट होतं," ते म्हणाले आणि थांबले. हॉल चपापला. "नवं कोरं, लालभडक हेल्मेट. दोनच दिवसांपूर्वी आणलेलं. तिच्या आईने दारात उभं राहून पट्टा लावला. नीट जा म्हणाली. आणि ती नीटच गेली, हो! तिने फोन घेतला नाही, गाडी पळवली नाही. आजवर मी इथे उभा राहून जे बोललो ते विसरा. माझ्या लेकीने एकही चूक केली नाही. तिच्या आईने केली नाही. चूक रस्त्यावर पडली होती, ढीगभर."

मग खडी. मग नाला. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या इंजिनिअरने चष्मा काढून डोळे पुसले. रस्ते विभागाचे प्रमुख स्वतः उठले आणि माईक घेऊन म्हणाले, की यापुढे राज्यात कुठेही अडथळा आणि दिवा लावल्याशिवाय खडी उतरवू दिली जाणार नाही, आणि त्या वळणावरचा नाला याच महिन्यात झाकला जाईल. लोक उभे राहिले. मॅडमनी किल्लीवाल्यांचे दोन्ही हात हातात घेतले. इतक्या वर्षांत एवढं रोकडं काही पदरात पडलं नव्हतं. किल्लीवाल्यांनी पहिल्या रांगेकडे बघितलं. सगळे उभे होते म्हणून बायको दिसत नव्हती.

ती बाहेर पायऱ्यांवर थांबली होती. दोघं बस थांब्यापर्यंत चालत गेले आणि एकाच बसमध्ये, एकाच बाकावर बसले. बहिणीचं गाव आधी लागायचं, त्यांचं नंतर. तिने तिकीट कुठलं काढलं हे बघायची किल्लीवाल्यांची हिंमत झाली नाही.

"कसं झालं?" त्यांनी विचारलं.

"छान बोलता तुम्ही."

"खरं सांगितलं ना सगळं?"

"यंदा त्यांना खडी हवी होती," ती म्हणाली.

"अगं, असं काय? मी तुझ्यासाठी..."

"हेल्मेट लाल नव्हतं." ती समोरच्या बाकाकडे बघत बोलत होती. "नवं नव्हतं. तुमचं होतं. पांढरं. तिचं दुरुस्तीला दिलं होतं, म्हणून तुम्ही स्वतःचं काढून दिलंत आणि गाडी घरी ठेवून टपरीवर चालत गेलात. आणि पट्टा मी नाही लावला. तुम्ही लावलात."

"मी?"

"तुमचा हात पोचेना म्हणून ती पायरी उतरून खाली उभी राहिली. तुम्ही खटका लावलात तर तिच्या हनुवटीखालचं कातडं सापडलं त्यात. अशी ओरडली! 'बाबा, कुलूप नाहीये हे!' मग आपण तिघंही हसत होतो. ती हसतच गेली."

बस एका पुलावरून गेली. किल्लीवाले तिच्या तोंडाकडे बघत राहिले. ऐकून वाईट वाटत होतं, पण तसं, जसं हॉलमधल्या लोकांना वाटतं. कुणाची तरी पोर, कुणाचा तरी बाप.

"मला आठवत नाही," ते म्हणाले.

तेव्हा तिने पहिल्यांदा त्यांच्याकडे वळून पाहिलं. रागाने नाही. रागाने पाहिलं असतं तर त्यांना सोसलं असतं.

"मला वाटायचं तुम्ही वरवर खोटं बोलता," ती म्हणाली. "लोकांना सांगायला एक, आणि आत खरं जपून ठेवलंय. बहिणीला काय सांगू मी? तिने काही ती सकाळ पाहिली नव्हती. जगात ती आपण दोघांनीच पाहिली होती. म्हणून आले होते मी. म्हटलं, एकदा दोघं बसून बोलू. आता मी एकटीच उरले हो."

तिचे डोळे भरून आले. तिने ते पुसले नाहीत. किल्लीवाल्यांनी तिच्या हातावर हात ठेवला आणि तिने तो ठेवू दिला. बहिणीच्या गावचा थांबा जवळ आला तशी तिने पिशवी सावरली आणि ती उठली.

"येत नाहीस घरी?"

"तिथे येऊन कुणाशी बोलू?"

"बरं, नको येऊस. पण परत एकदा सांग," किल्लीवाले म्हणाले. बाकावरून अर्धवट उठून त्यांनी तिच्या पिशवीचा बंद धरला होता. "तो पट्टा कसा लावला ते. ती काय म्हणाली ते. मी नीट ऐकतो. एकदाच सांग."

बस थांबली. तिने बंद अलगद सोडवून घेतला.

"सांगितलं तर तुम्ही पुढच्या वर्षी तेही सांगाल," ती म्हणाली आणि खाली उतरली.

बस सुटली. किल्लीवाल्यांनी आपल्याच हनुवटीखालचं कातडं चिमटीत धरलं, घट्ट, दुखेपर्यंत. काहीच आठवलं नाही.